माह्या साळ्याचं शिंग

माहा तांबडा बैल माह्या बोलन्यावर मान हालवाले लागला, तवा मले वाटलं, चला, या घरात एक तरी जीव आपलं आयकून राह्यला. मान हालवे ती बी आडवी. म्हंजे नाई. मी म्हनो, यंदा तूर बरी दिसते, का तो मान हालवे. मी म्हनो, आज लाइन लवकर येईन, का तो मान हालवे. अन् दोनी येळा त्याचंच खरं झालं. घरची बाई बी मले नाईच म्हने, पन तिच्या नाईच्या मांगं लंबं शेपूट असे. हा नुसता नाई म्हने अन् कुटार खाये.

हा बैल नात्यानं माहा साळा लागे. मजाक नाई करून राह्यलो. बायकोच्या माहेरच्या गाईचा तो गोऱ्हा. तिच्या बापानं लग्नानंतर देल्ला. बायकोले सख्खा भाऊ नाई, म्हून तिनं यालेच भाऊ केला. राखी यालेच बांधे, भाऊबीजेले यालेच ओवाळे. ओवाळनी म्हून तो तिच्या सामोर शेनाचा पो टाके, अन् ती ते बी हासत हासत उचले. मी पानठेल्यावर सांगो का, तुमचे साळे नुसते खाऊन जातेत, माहा साळा वखर वढते. जोडीले एक पांढरा होता. पांढरा कामाले बरा, डोक्यानं माह्यासारखा. तास सोडून दुसऱ्याच्या वावरात घुसे, अन् मंग माह्याकडं पाहे का आपन अथी काहून आलो.

तं झालं काय, शेजारी एक दिवस गोठ्यात येऊन बसला अन् मले इचाराले लागला का हरभरा पेरू का गहू पेरू. माह्या मताले गावात काई भाव नाई हे त्याले बी मालूम होतं, पन घरी करमत नसन. मी म्हटलं, मले कायले इचारतं, साळ्याले इचार. त्यानं इचारलं, हरभरा पेरू? तांबड्यानं मान हालवली, नाई. गहू पेरू? नाई. शेजारी म्हने, मंग करू काय बावा? मी म्हटलं, तो म्हनते पेरूच नोको, झोपून राय. आमी दोघं बम हासलो. त्यानं पानठेल्यावर सांगतलं, पानठेल्यानं बाजारात सांगतलं, अन् पुढच्या बाजाराच्या दिवशी माह्या गोठ्यासामोर मानसं उभे.

नंदीबैलवाले तुमी पाह्यले असनच. गुबुगुबु वाजवत येतेत, बैलाच्या पाठीवर झूल, अन् बैल मान खालीवर हालवते, हो हो. साऱ्या मुलकातले नंदी हो म्हनतेत. हो म्हनाले काय लागते. लोकायले नाई म्हननारा कोनी पाह्यजे होता, हे मले तवा समजलं. एका बाईच्या नवऱ्याले ग्रामपंचायतीले उभं राह्याचं होतं. ती त्याले हाताले धरून घेऊन आली. बैल म्हने नाई. नवरा बसला, बाईनं बैलाले पुरनपोळी आनून चारली. एकाच्या मेहुन्याले त्याची मोटरसायकल नेयाची होती, त्यानं मेहुन्यालेच बैलासामोर आनून उभं केलं. मानोऱ्याकडल्या तांड्यावरला एक जन आला, त्यानं इचारलं का यंदा ऊस तोडाले जाऊ काय. बैल म्हने नाई. तो थोडा येळ बसला, तंबाखू खाल्ली, म्हने, त्याले काय लागते म्हनाले, त्याले घरबसल्या कुटार भेटते. अन् गेला बायको-पोट्टे घेऊन.

मी तं हवेतच. कपाळाले कुंकू लावलं, माह्या सत्काराची शाल त्याच्या पाठीवर टाकली. ते शाल बी माह्या सत्काराची नव्हती, दुसऱ्याच्या सत्काराले मी खुर्च्या मांडल्या होत्या, तथी एक उरली होती. लोक आले का मी बाजूले उभा राहो अन् बैलाचं बोलनं समजावून सांगो. आता नाई म्हनन्यात समजावाचं काय, पन मी समजावो. शिकलो नाई म्हून काय झालं, नाई या एका शब्दावर मी अर्धा अर्धा घंटा बोललो असन.

बायको रोज म्हने का याचं काई तरी दुखून राह्यलं. मान एकाच अंगाले तिरपी धरते, शिंग लिंबाच्या खोडाले घासते, चारा सोडते. मी म्हनो, तुले देवाचं काय समजते, तो शिंगाले धार लावून राह्यला. ती म्हने, डाक्टरले दाखवा. मी म्हनो, नंदीले कोनी डाक्टरकडं नेते काय. ती म्हने, तो नंदी नाई, माहा भाऊ हाय. अशी ती रोज म्हने अन् रोज मी बाहेर जाऊन बसो.

मंग गावातला एक बुढा आला. त्याच्या नातीले अनसिंगचं एक स्थळ आलं होतं. पोट्टा बरा, घर बरं, पन बुढ्याले बैलाचा कौल पाह्यजे. त्यानं इचारलं अन् तांबड्यानं मान अशी झटकली का शिंग खुट्याले लागलं अन् नाकातून रक्ताची धार लागली. सारे जन मांगं सरकले. बुढा म्हने, एवढं कडक नाई मी जलमात पाह्यलं नाई. त्यानं तथूनच फोन लावून स्थळ मोडलं. मी बैलाचा घोळना फुटला म्हून डोक्यावर ओलं पोतं टाकलं, अन् माह्या हुशारीवर खुश झालो.

अन् मंग ते म्याडम आली.

एका पांढऱ्या गाडीत आली, संगं बर्फाचा डब्बा. शहरातल्या कोन्या मोठ्या कॉलेजातली होती. बैलायच्या शिंगात कॅन्सर होते, तो सुरू कसा होते, पसरते कसा, अन् औषध देऊन बी काई येळा काहून जुमानत नाई, हे शोधत ते गावोगाव फिरे. हे मले मांगून समजलं. पानठेल्यावर तिनं एवढंच इचारलं, "गावात कुणाचा बैल सारखी मान हलवतो का?"

आता तुमीच सांगा, आमच्या गावाले याच्यापेक्षा चांगला सवाल कोनी इचारला असता काय. सारा पानठेला उभा राह्यला. म्हने, हो म्याडम, हालवते, लय हालवते, दूरदूरून लोक येऊन राह्यले. तिचा चेहरा असा झाला का कोनाले सोनं सापडलं. लोकायले वाटलं, बैलाचं नाव शहरात गेलं. गाडीच्या सामोर दहा-पंधरा जन, गाडी मांगून, अशी मिरवनूक माह्या घरी आली. मी घाईघाईनं शाल बैलावर सरकी केली. म्याडमले खुर्ची देल्ली. बुढा बी येऊन बसला होता, तो म्हने, इचारा बाई, मोकळ्या मनानं इचारा.

तिनं काई इचारलं नाई. शिद्दी बैलापाशी गेली अन् एका शिंगावर बोटानं टकटक केलं. मंग दुसऱ्यावर केलं. चांगलं शिंग वाजलं खनखन. दुसरं वाजलं भद्द, जसं ओल्या लाकडावर वाजते, अन् तांबडा मांगं सरला. तिनं नाकाजवळ जाऊन वास घेतला. मान कवापासून हालवते म्हून इचारलं. साऱ्यायनं एकदम सांगतलं, हरभऱ्याच्या पेरनीपासून. नाकातून रक्त येते काय? बुढा छाती काढून म्हने, माह्या नातीच्या येळेस आलं होतं. ती खाली उकिडवी बसली. मले जवळ बोलावलं अन् हळूच म्हने, "काका, याच्या शिंगात कॅन्सर आहे. मान हलवतोय ते दुखतं म्हणून."

अशा येळेस चूप राह्याव हे मले कोनी शिकवलं नाई. मी म्हटलं, म्याडम, बैल तंबाखूचा खर्रा खात नाई.

ती म्हने, तुम्ही खाता ना, मग तुम्ही आधी तोंड दाखवून या. तवा मी तोंड बंद केलं. जलमात पयल्यांदा.

बायको पान्याचा लोटा घेऊन उभी होती. तिनं लोटा खाली ठेवला, बैलाच्या पाठीवरली शाल काढली अन् माह्या अंगावर फेकली. मंग पदरानं त्याच्या कपाळाचं कुंकू पुसलं. हळू हळू पुसलं, दुखू नये म्हून. त्या दिवसापासून ती माह्याशी बोलली नाई. काई सांगाचं असलं तं बैलाले सांगे. "सांग तुह्या भाऊजीले, पानी भरून ठेव म्हना." मी बी बैलालेच सांगो, तुह्या बहिनीले सांग, भरलं. तांबडा दोघायच्या मधात उभा. एक बी निरोप त्यानं चुकवला नाई.

म्याडम गावात राह्यली काई दिवस. तिनं साऱ्या गोठ्यायनी जाऊन इचारलं का पोळ्याले शिंगं कोन तासते, कायनं तासते, कोनता रंग देता, जू कोन्या बाजूनं घासते, बैल उन्हात किती येळ राह्यते. मी सांगतलं का मी काचेच्या तुकड्यानं तासतो, मंग चकचकीत करतो, मंग वार्निस लावतो. सांगता सांगता मले भेव वाटलं. मी म्हटलं, म्हंजे मीच केला काय कॅन्सर? ती म्हने, तेच तर नक्की माहीत नाही, म्हणून तर विचारत फिरते. पन गावात एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ज्याले इचाराव तो म्हने, आमी तं शिंगाले हात बी नाई लावत. एक जन म्हने, आमी पोळाच नाई करत. त्याच्या दारासामोर बैल उभा, शिंगाले अजून हिरवा रंग.

मले तिनं समजेल अशा भाषेत सांगतलं. शिंगाच्या आत नरम अस्तर असते. त्याच्यातला एखादा कन बिघडते, त्याले थांबाचं समजत नाई, तो वाढतच जाते, अन् आजूबाजूच्यायची जागा खाते. मी म्हटलं, म्हंजे माह्यासारखा. बायको चुलीपाशी होती. ती बैलाकडं तोंड करून म्हने, "पाय, म्याडमनं एका झटक्यात वळखलं याले."

आमच्या दवाखान्यातले जनावरायचे डाक्टर अन् म्याडम, दोघायनं मिळून शिंग कापाचं ठरवलं. सकाळी लिंबाखाली पेंढी टाकली, बैलाले सुई देल्ली, तो गुंगीत आडवा झाला. मले सांगतलं, तुमी डोकं धरा. मी म्हटलं, माहा साळा हाय, मी नाई धरन तं कोन धरन. डाक्टरनं तारेची करवत काढली अन् शिंगाच्या बुडाले लावून वढली, अन् तथून पुढचं मले आठवत नाई. लोक सांगतेत का मी बैलाच्या मानेवरच पडलो. डाक्टरनं एका हातानं माहा पाय धरून मले बाजूले वढलं अन् दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. म्याडम म्हने, एकाच वेळी दोघं बेशुद्ध, त्यातला बैल जास्त शांत होता. बायकोनं डोकं धरलं शेवटपर्यंत. माह्या तोंडावर पानी मारलं ते शेजाऱ्यानं, अन् ते बी बैलाच्या टाक्यातलं.

शिंगाच्या आतून निघालं ते फुलकोबीसारखं. म्याडमनं त्याचा एक तुकडा नळीत टाकला अन् बर्फात ठेवला. मंग दर आठवड्याले शिरेत इंजेक्शन. ती सांगे का या औषधानं बहुतेक कन मरतेत. पन त्याच्यात काई हरामखोर असतेत, हा शब्द माहा, ते मरत नाईत, अन् मंग त्यायचीच पिलावळ वाढते. ते कसे वेगळे असतेत, हे पाह्याचं म्हून ती पयला तुकडा जपून ठेवून राह्यली. मी म्हटलं, हे तं बोंडअळीसारखं झालं. एकच बाटली दरसाल मारतो, अन् मंग अळी ते पिऊन मोटी होते. ती म्हने, काहीसं तसंच.

झालं. काहीसं तसंच म्हटलं, अन् माहं डोकं फिरलं. मी पानठेल्यावर जाऊन कॅन्सरवर भाषन कराले लागलो. लोक आयकत बी. पुढच्या इंजेक्शनाच्या येळेस मी डाक्टरले सल्ला देल्ला का एकटं औषध कायले देता, दोन-तीन बाटल्या मिसळा, अन् वरून थोडं स्टिकर टाका, म्हंजे चिपकून राह्यते. डाक्टरनं सुई खाली ठेवली. म्हने, तुमी पाठीवर पंप घेऊन या, तुमच्यावरच मारून पाहू. म्याडम तिकडं तोंड करून हासली. माहं संशोधन तथंच थांबलं.

पन तांबडा बरा झाला. खरंच बरा झाला. जखम भरली, चारा खाये, मान शिद्दी धरे. एका शिंगाचा, पन डोळे असे सोज्वळ. बायको त्याले चारता चारता गाने म्हने. मी मनात म्हटलं, आता लवकरच माह्याशी बी बोलन. मान हालवनं तं पार बंद.

आता पंचाईत पाहा. मान हालवत नाई म्हून लोक नाराज. येत अन् पाहत, इचारत, तो नुसता रवंथ करे. कोनी म्हने, शिंग कापलं म्हून देव गेला. बुढा तं भांडालेच आला. म्हने, मले नीट सांग, माह्या नातीच्या येळेस नाई म्हटलं ते बैलानं म्हटलं होतं का बिमारीनं? मी म्हटलं, बुढेबुवा, मले काय मालूम. तो म्हने, बैलानं म्हटलं असन तं ठीक हाय, बिमारीनं म्हटलं असन तं मी अनसिंगले फोन लावतो. म्याडम तवा तथंच इंजेक्शन देऊन राह्यली होती. बुढ्यानं तिलेच इचारलं. एवढी शिकलेली बाई, पन या सवालावर तिनं पयले सुई काढून पुसली. मंग म्हने, "आजोबा, बिमारीनं." बुढ्यानं तथूनच फोन लावला. पोरगं अजून मोकळं होतं. ते लग्न झालं, मी जेवून आलो.

तिकडं पांढरा एकटा पडला होता. तांबड्याले कामाले लावाचं नाई असं सांगतलं होतं, अन् वावरात वखरन कराचं होतं. मी म्हटलं, एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं मी. जू खांद्यावर घेतलं. पांढऱ्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग जुवाकडं पाह्यलं, अन् खाली बसला. उठलाच नाई. लोकायनं बांधावरून इचारलं, काहून बसला रे? मी म्हटलं, त्याले जोडी पसंत नाई. मंग शेजाऱ्यानं ट्रॅक्टर आनला अन् आमा दोघायले सावलीत बसवलं.

उन्हाळा लागला अन् एक दिवस मी गोठ्यात गेलो, तं बायको तांबड्याच्या डोक्यापाशी उभी. कापलेल्या जागेवरची कातडी फुगली होती, अन् एका फटीतून ते तसंच फुलकोबीसारखं बाहेर निघून राह्यलं होतं. अन् तांबड्यानं मान हालवली.

म्या तवा कोनाले सांगतलं नाई. पन शेजाऱ्यानं कुडावरून पाह्यलं. दुपारपर्यंत गावात बातमी झाली का बैल पुन्हा बोलाले लागला. संध्याकाळी लोक नारळ घेऊन हजर. मानसं खुश, एकमेकायले सांगून राह्यले का देव परत आला, म्हटलंच होतं का येईन. मी माह्याच फाटकात उभा राहून त्यायचे चेहरे पाहत होतो. हे सारं मीच शिकवलं होतं त्यायले. अर्धा अर्धा घंटा समजावून. बायको खराटा घेऊन बाहेर आली अन् फाटकात झाडाले लागली. नुसतं झाडे. धूळ उडे लोकायच्या पायावर. ती तोवर झाडत राह्यली जोवर शेवटला मानूस गेला नाई. नारळ एक जन विसरून गेला, तो तिनं फोडला बी नाई.

म्याडम आली, डाक्टर आले. तपासलं. इंजेक्शन चालूच होतं, तरी हे वाढलं. म्याडम म्हने, याला आता ते औषध लागू पडत नाही, अन् ते आतून डोक्याच्या हाडात गेलं आहे. पुन्हा कापून उपेग नाई. मले तिच्याकडं पाहून एक गोष्ट समजली. तिले जे शोधाचं होतं ते हेच होतं. औषधातून वाचलेला तुकडा. याच्यासाठीच ती गावोगाव फिरली, अन् आता सापडला तं तिचा चेहरा असा, जसं तिचंच काई मेलं.

बायकोनं तिले शिद्दं इचारलं. "वाचन काय माहा भाऊ?"

म्याडम म्हने, "नाही, मावशी. दुखणं कमी करता येईल. वाचणार नाही."

मंग ती अडखळत अडखळत म्हने का एक दुसरा तुकडा घेऊ द्याल का. पहिला आहे माझ्याजवळ, दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहेत. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. बायको तांबड्याच्या गळ्याखाली खाजवत राह्यली. मी मधात बोलनार होतो का घ्या म्याडम, गरिबाच्या घरून तेवढंच, पन तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मी गिळलं. ती म्हने, "घ्या. पन आधी त्याले बधिर करा. अन् याले बाहेर काढा." याले म्हंजे मले. मी बाहेर जाऊन बसलो.

त्याच्यानंतर दुखन्याची सुई, हिरवा चारा, सावली. लोक येनं बंद झालं. मिरगाच्या आधी तो गेला. सकाळी पाह्यलं तं मान जमिनीवर टेकवून पडला होता, शिद्दी. वावराच्या कोपऱ्यात खड्डा खोदला, मीठ टाकलं, बायकोनं चोळीचा नवा खन त्याच्यावर टाकला. शेजारी रडला. बुढा आला होता, नातजवायाले बी घेऊन आला. पांढरा बांधावर उभा राहून पाहत होता, अन् यावेळी त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई.

घरी आल्यावर ती चुलीपाशी बसली, मी दारात. तिले पानी पाह्यजे होतं. ती इकडं पाह्ये, तिकडं पाह्ये. निरोप सांगाले मधात कोनी राह्यलं नव्हतं. मंग म्हने, "पानी आना." मी आनलं. एवढ्या महिन्यायनं ती माह्याशी बोलली, अन् मी लोटा देता देता सांडवला.

पावसाळा सरल्यावर म्याडमचा फोन आला. बायकोलेच द्या म्हने. मी कान लावून बसलो. म्याडमनं सांगतलं का दुसऱ्या तुकड्यातले कन तिथं प्रयोगशाळेत जिवंत ठेवले आहेत. काचेच्या बशीत वाढून राह्यले. त्यायच्यावर नवी नवी औषधं टाकून पाहतेत. बायकोले पयले समजलंच नाई. मंग समजलं तं ती उठून उभी राह्यली.

"ज्यानं माह्या भावाले खाल्लं," ती म्हने, "त्याले तुमी पोसून राह्यल्या?"

म्याडम म्हने, "हो, मावशी. कशानं मरतं ते शोधायचं तर आधी जिवंत ठेवावं लागतं."

बायकोनं फोन कानापासून दूर धरला. मी मनात म्हटलं, आता हे फोन फेकते. तिनं इचारलं, ते काय खाते? म्याडमनं सांगतलं, एक प्रकारचं पाणी, त्यात साखर असते, अजून काही काही असतं. थंडी-वारा? म्याडम म्हने, नाही, बैलाच्या अंगाएवढ्या उबेत ठेवतो. रोज पाहते कोनी? रोज पाहतो.

बायकोनं पदरानं नाक पुसलं. मले वाटलं आता शिव्या देईन.

ती म्हने, "मंग बराबर खाऊ घाला त्याले. उपाशी नोका ठेवू. मरतुकड्याले मारून काय समजनार हाय. चांगलं धट्टंकट्टं होऊ द्या, अन् मंग मारा."

म्याडम म्हने, हो मावशी, तसंच करू. बायकोनं फोन माह्या हातात देल्ला अन् पांढऱ्याले चारा टाकाले गेली.